बारावं फडकं

मोठ्या रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरात सगळी नोकरी काढून सिस्टर निवृत्त झाल्या, तरी गल्लीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. दूधवाला म्हणे, पेपरवाला म्हणे, थोरली नणंद म्हणे. आणि राग आला की नवराही म्हणे. नवरा लेखापरीक्षक. दुसऱ्यांनी मांडलेले हिशेब दुसऱ्यांनाच समजावून सांगायला लावायचे, आणि त्यांची जीभ अडखळली की चष्म्याच्या वरून बघायचं, हा त्यांचा जन्मभराचा उद्योग. त्यांना सगळे ऑडिटरसाहेब म्हणत. तेही निवृत्त झाले होते, पण चष्म्याच्या वरून बघणं काही निवृत्त झालं नव्हतं.

म्हणजे दोघांचाही जन्म मोजण्यात गेलेला. फरक एवढाच, की साहेब वर्ष उलटून गेल्यावर मोजायचे आणि सिस्टर पोट शिवायच्या आधी. साहेबांची मोजणी चुकली तर एखाद्या कारकुनाला घाम फुटायचा. सिस्टरांची चुकली तर पेशंटच्या पोटात बोळा राहायचा. त्यामुळे आपलं ते मोजणं आणि नवऱ्याचं ते आकडे जुळवणं, असं सिस्टरांचं ठाम मत होतं. संसार नीट चालावा म्हणून त्यांनी ते कधी तोंडाबाहेर काढलं नव्हतं, एवढंच.

या संसाराच्या बैठकीच्या खोलीत सध्या एक मोटरसायकल होती. होती म्हणजे, सगळी गोळा केली तर होती. सोफा भिंतीला सरकवून त्याच्या जागी सांगाडा उभा होता. चाकं दारामागे. टाकी कपाटावर. साखळी न्हाणीघरातल्या बादलीत तेल पीत पडलेली. पुढचा दिवा फ्रिजवर, आणि तो आल्यागेल्याकडे डोळा वटारून बघायचा. वेगाचा काटा काचेच्या कपाटात, कपबशांच्या मधोमध. पाहुण्यांना तो घड्याळ वाटायचा आणि ते म्हणायचे, "बंद पडलंय वाटतं."

गाडी सासऱ्यांची. ते गेले तेव्हा ती अक्काच्या, म्हणजे थोरल्या मुलीच्या नावावर करून गेले. कारण त्यांच्या हयातीत गाडी किकने कमी आणि ढकलून जास्त सुरू व्हायची, आणि ढकलायला अक्का असायची. धाकटे चिरंजीव टाकीवर बसून तोंडाने भुर्रर्र करायचे. सासऱ्यांनी वाटणी करताना ढकलणं धरलं, भुर्रर्र धरलं नाही. ऑडिटरसाहेबांच्या मनात ही नोंद कायम आक्षेपाधीन होती.

बरीच वर्षं ती अक्काच्या परसात पावसापाण्यात पडून होती, मग एके दिवशी साहेबांनी ती मागितली. अक्का म्हणाली, "ने. नीट कर. चालली तर तुझी, कागद तुझ्या नावावर करते. नाही चालली तर भिंतीला."

भिंत होती अक्काच्या जावयाची. जावईबापूंनी हमरस्त्याला खाणावळ काढली होती आणि तिच्या भिंतीवर जुन्या वस्तू टांगायला सुरुवात केली होती. टाइपरायटर झाला, तराजू झाला, शिवणयंत्र झालं. गिऱ्हाइकं जेवण अर्धवट टाकायची, पण भिंतीसमोर उभं राहून फोटो मात्र न चुकता काढायची. जावईबापूंना आता मधल्या मोकळ्या जागेसाठी मोटरसायकल हवी होती. इंजिन असो, नसो. नसलेलं बरं, म्हणजे वजन कमी.

आता कुणालाही वाटेल की खोलीत असला पसारा मांडलाय म्हणजे सिस्टरांना ही ब्याद भिंतीवर गेलेलीच हवी असणार. तर तसं नव्हतं. गाडी येण्याआधीचे महिने त्या विसरल्या नव्हत्या. निवृत्त झाल्या झाल्या ऑडिटरसाहेबांनी स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला होता. भांडी घासायची वडी एवढ्या लवकर कशी झिजते? दोन माणसांना चार पातेली का लागतात? चहाची चाळणी वरच्या फळीवर ठेवण्यामागे काय धोरण आहे? ओट्याला टेकून, हात मागे बांधून, रोज. सिस्टरांनी भल्याभल्या सर्जनांना गप्प केलेलं, पण ते सर्जन संध्याकाळी घरी तरी जायचे! गाडी आली आणि साहेब तिच्यात गुंतले. सोफ्याच्या अभ्र्याला काळे डाग पडले, सिस्टरांच्या जुन्या नखं घासायच्या ब्रशने कार्ब्युरेटर घासला गेला, घराला पेट्रोलचा वास लागला; पण स्वयंपाकघर मोकळं झालं. सिस्टरांनी मनाशी वजाबाकी केली आणि शिल्लक आपल्या बाजूला निघते असं पाहून त्या गाडीच्या पक्षाला मिळाल्या. गाडी भिंतीवर गेली, की साहेब ओट्याशी परत. त्यापेक्षा ती चाललेली बरी. नुसती बरी नव्हे, चाललीच पाहिजे.

म्हणून त्यांनी स्वतःहून मदत सुरू केली. नट-बोल्टांसाठी चकचकीत ट्रे दिले. आणि पुसापुशीसाठी एक जुनी निळ्या पट्ट्यांची चादर काढली, कडेला कात्रीची टोच मारून हाताने टराटर फाडली आणि तिची बारा सारखी फडकी केली.

"बारा आहेत," त्या म्हणाल्या. "बारा दिली, बारा परत घेणार."

"फडकी मोजतेस?" साहेब हसले. "अगं, ही मोटरसायकल आहे, पोट नाही."

"उघडून बंद करता ना? मग पोटच."

साहेब काम करायचे मात्र मनापासून. पुस्तकं आणली, चित्रं आणली, एकेक स्क्रू घासून लख्ख केला. पिस्टनला नव्या रिंगा चढवल्या. या गाडीचा सिलिंडर आता कुठेच मिळत नाही, त्यामुळे त्याला तर ते अंगावरच्या लेकरासारखे दोन्ही हातांनी उचलायचे. सिलिंडर आणि इंजिनाचं खालचं पोट यांच्यामध्ये जाड कागदाचं पॅकिंग बसतं. ते कापायला त्यांनी तीन दिवस घालवले, दोन बिघडवली, तिसरं जमलं.

पिस्टन बसवायचा दिवस आला. पिस्टनच्या खिळीला दोन्ही बाजूंनी बारीक तारेच्या कड्या लागतात. ती कडी हातातून उडाली आणि खाली इंजिनाच्या उघड्या तोंडात पडली तर सगळं परत खोलावं लागतं. म्हणून तिथे आधी फडकं कोंबायचं, हे साहेबांना माहीत होतं. ते त्यांनी कोंबलं. पहिली कडी बसली, दुसरी बसतेय तोच फोन वाजला.

"बाळ्या," पलीकडून अक्का. साठी ओलांडलेल्या लेखापरीक्षकाला बाळ्या म्हणणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं. "या रविवारी येतो आम्ही."

"अगं, पुढच्या महिन्यात म्हणाली होतीस ना?"

"जावईबापूंना टेम्पो याच रविवारी मिळतोय. परत मिळेल न मिळेल."

"टेम्पो कशाला?"

"आता टेम्पो कशाला आणतात? चालली तर रिकामा जाईल, त्यात काय! पण भिंतीला चार हूक मारून झालेत हो. चांगले मजबूत आहेत."

साहेबांनी फोन ठेवला आणि त्या क्षणापासून त्यांचे हात त्यांचे राहिले नाहीत. दुपारी सिलिंडर बसवला, संध्याकाळपर्यंत वरचं झाकण आवळलं, दुसऱ्या दिवशी इंजिन सांगाड्यात चढलं. दारामागची चाकं, कपाटावरची टाकी, फ्रिजवरचा दिवा सगळं एकेक करून जागेवर गेलं आणि शनिवारी सकाळी खोलीत खरोखरची, अख्खी, देखणी मोटरसायकल उभी राहिली. सिस्टर हात पुसत बाहेर आल्या, त्यांनी तिला सगळीकडून पाहिलं, आणि मनापासून म्हणाल्या, "छान झाली हो."

मग त्यांनी मळकी फडकी गोळा केली, साबणाच्या पाण्यात टाकली, पिळून दोरीवर घातली, आणि घालता घालता त्यांचे ओठ हलत राहिले. शेवटचं घातलं. ओठ थांबले. परत पहिल्यापासून हलले.

"अहो, अकरा आहेत."

"काय अकरा?"

"फडकी."

"मग? असेल एखादं कुठेतरी."

"कुठेतरी कुठे?"

"कुठेतरी म्हणजे कुठेतरी! सोफ्याखाली, बादलीत. वाऱ्याने उडालं असेल."

"खोलीत वारा कुठला?"

त्यांनी सोफा हलवला, बादली उपसली, कचऱ्याचा डबा पेपर अंथरून पालथा केला. साहेबही शोधल्यासारखं करत मागे मागे फिरले. फडकं नव्हतं. मग सिस्टर येऊन गाडीसमोर उभ्या राहिल्या, आणि इंजिनाकडे अशा बघायला लागल्या की साहेब पटकन मध्ये येऊन उभे राहिले.

"नाही हं. तिथे नाही. मी स्वतः बंद केलंय."

"कोंबलं होतं ना पण?"

"काढलं ना."

"काढलेलं आठवतंय?"

"बाई गं, चष्मा नाकावर चढवलेला आठवतो का तुला? काढलं म्हणजे काढलं."

"किक हाताने दाबून बघितलीत? हलकी जाते?"

"जरा जड आहे. नव्या रिंगा आहेत, जड जाणारच."

"पोट फुगलंय म्हणजे गॅस झाला असेल, असं म्हणणारे डॉक्टरही बघितलेत मी," सिस्टर म्हणाल्या. "अहो, काउंट चुकला की पेशंट टेबलावरून खाली येत नाही. मग सर्जनचं विमान चुकू दे नाहीतर काही होऊ दे. उघडा."

साहेबांचा चेहरा उतरला. उघडायचं म्हणजे टाकी काढा, झाकण काढा, सिलिंडर उचला. आणि सिलिंडर उचलला की ते तिसऱ्या वेळी जमलेलं पॅकिंग फाटणार, हे नक्की. उद्या अक्का. उद्या टेम्पो.

"मी शोधून देतो तुझं फडकं," ते म्हणाले. "उद्या सकाळी बारा मोजून घे. मग तर झालं?"

आता इथे एक गोष्ट नमूद करायला हवी. ऑडिटरसाहेबांनी उभ्या नोकरीत एका पैचा घोळ खपवून घेतला नव्हता. चहाच्या बिलात एक कप जास्त लावला म्हणून त्यांनी एका कार्यालयाच्या मुख्य अधिकाऱ्याला घाम फोडला होता. त्यांच्या समोर बसून लोकांनी काय काय केलं होतं! एक खुर्ची दोनदा दाखवली होती, मेलेला बैल पगारावर ठेवला होता. ते सगळं त्यांनी नुसतं चष्म्याच्या वरून बघून पकडलं होतं. सगळे प्रकार त्यांना तोंडपाठ होते. आणि अडचण नेमकी तीच झाली. प्रकार तोंडपाठ असलेल्या माणसाला रिकाम्या दुपारी एकटं सोडू नये. त्या शनिवारी दुपारी सिस्टर बाजारात गेल्या, आणि साहेब एकटे होते.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर साहेबांनी फडक्यांचा गठ्ठा आणून ओट्यावर ठेवला. "घे. बारा."

"सापडलं?" सिस्टरांचा चेहरा फुलला. "कुठे होतं?"

"होतं. मोज तू."

सिस्टरांनी मोजली. बारा. त्यांनी आनंदाने श्वास सोडला, आणि गठ्ठा सारखा करायला कडा जुळवल्या. दोन फडकी बाकीच्यांच्या निम्मीच होती. त्यांनी ती उचलून खिडकीच्या उजेडात धरली. सिस्टर कापड हाताने फाडायच्या, त्यामुळे प्रत्येक फाटलेल्या कडेला दोऱ्यांची दाढी सुटलेली. या दोघांची एकेक कड मात्र गुळगुळीत. दाढी केलेली. कात्रीने.

त्यांनी हळूच मान वळवली. ऑडिटरसाहेब छताचा पंखा बघत होते. पंखा बंद होता.

सिस्टरांना आधी राग यायला हवा होता. पण थिएटरात सवय अशी लागली होती की राग नंतर, आधी पेशंट. आणि पेशंटचं काय होणार हे त्यांना दिसत होतं. किक बसणार, इंजिन फिरणार, फडकं आत दांड्याला गुंडाळलं जाणार, आणि जगात कुठे न मिळणारा सिलिंडर जागच्या जागी जाम होणार. मग टेम्पो, भिंत, हूक. आणि उद्यापासून ओट्याशी हात मागे बांधून साहेब.

त्या तोंड उघडणार, एवढ्यात दारात हॉर्न वाजला.

अक्का टेम्पोच्या पुढच्या सीटवरून उतरली ती डोक्याला रुमाल बांधूनच. फेरी मारायच्या तयारीने आली होती. मागून जावईबापू दोराचं भेंडोळं खांद्यावर टाकून आले.

"दोर कशाला आणलात?" सिस्टरांनी विचारलं.

"असू द्या की सिस्टर. दोर काय खायला मागतोय?" जावईबापू म्हणाले, आणि मोटरसायकल बघून त्यांचे डोळे लकाकले. त्यांनी मनातल्या मनात ती भिंतीवर चढवून, मागे सरून, मान तिरकी करून पाहिली. "वा, मामा! रंग काय साधलाय! अगदी टेबलांना मॅच."

"ही चालते," साहेब म्हणाले.

"चालो ना. चालली तर आनंदच आहे," जावईबापू म्हणाले, आणि दोर खाली काही ठेवला नाही.

"आधी चहा घ्या," सिस्टर म्हणाल्या.

"घेऊन आलोय," अक्का म्हणाली. "बाळ्या, मार किक. तुझी मारून झाली की ढकलायला मी आहेच."

"अक्का, पाणी तरी? हातपाय धुऊन घ्या. बसा ना जरा, गुडघ्यांचं कसं आहे?"

"सिस्टर, माझे गुडघे गाडी बघायला आलेत. अगं, एवढी घाबरतेस काय? याची गाडी, याचा पाय."

साहेबांनी पेट्रोलची चावी फिरवली. कार्ब्युरेटरचं बटण दाबून त्यात पेट्रोल भरू दिलं. एक पाय किकवर ठेवला. सिस्टर समोरच होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघून डोळ्यांनी नाही म्हटलं. साहेबांनी डोळे मिटून घेतले. खोटा हिशेब सादर करताना लोक नेमके असेच डोळे मिटतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पाय वर गेला.

"थांबा!"

हा आवाज या घराने कधी ऐकला नव्हता. तो थिएटरातला होता. त्या आवाजावर सुऱ्या हवेत थांबल्या होत्या. ऑडिटरसाहेबांचा पायही हवेतच राहिला. जावईबापूंच्या खांद्यावरून दोर घसरला. अक्का, जी आयुष्यात कुणाच्या सांगण्यावरून बसली नव्हती, ती सोफ्यावर बसली.

"काय झालं?" साहेबांनी एका पायावर उभं राहून विचारलं.

"काउंट चुकलाय."

"बारा दिलीत तुला." आता समोर अक्का होती, जावईबापू होते, साहेबांनी चष्मा खाली केला आणि वरून बघितलं. "काही म्हणायचं असेल तर पुरावा दाखव."

हे शब्द त्यांच्या तोंडून सवयीने गेले. पण गेले.

सिस्टर आत जाऊन गठ्ठा घेऊन आल्या आणि खोलीच्या मधोमध जमिनीवर गुडघे टेकून बसल्या. शिवलेल्या दोन कडांची चार फडकी आधी चार कोपऱ्यांत मांडली. मग एका बाजूला शिवण असलेली त्यांच्या मध्ये, पट्ट्याला पट्टा जुळवून. बघता बघता फरशीवर निळ्या पट्ट्यांची चादर परत उभी राहायला लागली. अक्का पुढे वाकली. "अय्या, ही चादर मी दिली होती की." तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. शेवटी ती दोन निम्मी फडकी राहिली. सिस्टरांनी ती कात्रीच्या कडेला कड लावून मांडली. दोन्ही मिळून एकाच चौकोनात चपखल बसली. आणि शेजारी, चादरीच्या मधोमध, फरशी दिसत राहिली. फडक्याच्या मापाची. बरोबर चौकोनी.

जावईबापूंना काही कळलं नव्हतं, पण काहीतरी आपल्या फायद्याचं आहे एवढं कळलं.

अक्काने त्या मोकळ्या फरशीवर बोट ठेवलं. "बाळ्या. इथलं कुठाय?"

ऑडिटरसाहेबांनी चादरीकडे पाहिलं. एवढा स्वच्छ, एका नजरेत पटणारा पुरावा त्यांना स्वतःला उभ्या नोकरीत मांडता आला नव्हता. किकवरचा पाय त्यांनी हळूच जमिनीवर ठेवला.

"एकाचे दोन दाखवले मी," ते म्हणाले. "काल दुपारी."

"कुणी? तू?" अक्का म्हणाली.

"मी."

"तू?" अक्काने परत विचारलं, आणि मग ती जी हसायला लागली ती थांबेचना. रुमाल सुटला, डोळ्यांतून पाणी आलं. "अरे, लहानपणी गोट्या हरलास तरी रडत रडत मोजून द्यायचास! आणि आता या वयात... फडकी?"

"मग लोड करूया का?" जावईबापूंनी नम्रपणे विचारलं.

अक्काचं हसणं जागच्या जागी थांबलं. "जावईबापू, चालली तर याची, एवढंच ठरलंय. कधी चालली पाहिजे असं काही ठरलं नाही. मी जेवून निघणार. तोवर हा काय करतो ते करू दे. सिस्टर, जेवायला घालणार ना?"

"स्वयंपाक तुम्ही करा," सिस्टर उठत म्हणाल्या. "मी इथे लागणार आहे."

त्यानंतर बैठकीच्या खोलीचं थिएटर झालं. टाकी उतरली. साहेब आकडा म्हणायचे आणि तोंडातून आकडा पुरा व्हायच्या आत पाना त्यांच्या तळहातावर चपकन बसायचा. एकदा त्यांनी चौदाचा मागितला तर हातात बाराचा आला. "चौदा म्हणालो." "म्हणालात. पण लागणार बारा." लागला बाराच. स्वयंपाकघरातून अक्काचा आवाज येत होता, "जावईबापू, कांदा एवढा जाड चिरतात? म्हणून गिऱ्हाईक भिंत बघतं!"

झाकण निघालं. सिलिंडर साहेबांनी दोन्ही हातांनी उचलला. खाली पॅकिंग टर्रकन फाटलं. साहेबांनी दात आवळले. आणि मग दोघांनी मिळून आत पाहिलं. पिस्टनच्या दांड्याला अर्धा वेढा देऊन, तेलाने काळं होऊन, बारावं फडकं निवांत बसलं होतं.

सिस्टरांनी ते चिमट्याने धरून ओढून काढलं. "बघा, म्हणत नव्हते?" असं म्हणण्याची एवढी उत्तम संधी लग्न झाल्यापासून त्यांना मिळाली नव्हती. ती त्यांनी सोडली. का सोडली हे त्यांनाही सांगता आलं नसतं. नवऱ्याचे कान लाल झाले होते, एवढंच त्यांनी पाहिलं. फडकं त्यांनी नेऊन चादरीतल्या भोकात ठेवलं. निळ्या पट्ट्यांमध्ये काळा चौकोन.

"आता पॅकिंग," साहेब खोल गेलेल्या आवाजात म्हणाले. "जाड कागद हवा. चांगला जाड. रविवारी दुकानं बंद."

जावईबापू धावत टेम्पोतून खाणावळीचं मेनूकार्ड घेऊन आले. त्यांच्यातही माणुसकी होतीच, कांदा चिरून ती बाहेर आली होती. पण कार्डाला प्लास्टिक लावलेलं होतं. ते इंजिनाच्या उष्णतेने वितळलं असतं. पुठ्ठा फार जाड, वहीचा कागद फार पातळ. साहेबांची नजर खोलीभर फिरली आणि भिंतीवर थांबली. तिथे शेजारी शेजारी दोन मानपत्रं होती, दोघांच्या निरोपसमारंभांची. दोन्ही चांगल्या जाड, हस्तिदंती कागदावर.

"माझं घ्या," सिस्टर म्हणाल्या. "मला काय करायचंय त्याचं."

साहेब स्टुलावर चढले आणि त्यांनी आपलं काढलं. काचेमागून कागद ओढला. वर सुंदर अक्षरांत लिहिलं होतं, की अमुक कार्यालयातील प्रदीर्घ आणि निष्कलंक सेवेबद्दल.

"अहो, माझं घ्या म्हणतेय ना."

"तुझं नको," साहेब म्हणाले. "तुझं खरं आहे."

सिस्टरांनी कात्री त्यांच्या हातात ठेवली, ती ठेवताना बोटं जरा जास्त वेळ राहिली.

फाटक्या पॅकिंगचे तुकडे जुळवून साहेबांनी मानपत्रावर पेन्सिलने आकार काढला, आणि कापायला लागले. या खेपेला पहिल्याच फटक्यात जमलं. मधला गोल सुटला तेव्हा नेमका निष्कलंक हा शब्द त्यात सुटून आला.

"गोल एक," सिस्टर म्हणाल्या. "बोल्टांची भोकं किती?"

"चार."

"त्यांच्या टिकल्या?"

साहेबांनी निमूटपणे चार बारीक टिकल्या वेचून ट्रेमध्ये टाकल्या. पॅकिंगला तेल लावलं. सिलिंडर खाली उतरवायच्या आधी ते थांबले. आतापर्यंत त्यांनी बायकोला चहाला हाक मारली होती, सही कुठे केलीस म्हणून विचारलं होतं, वडी लवकर का झिजली म्हणून छळलं होतं. पण परवानगी कधी मागितली नव्हती. आता त्यांनी मान वर केली.

"सिस्टर, काउंट?"

राग आलेला नव्हता, तरी ते सिस्टर म्हणाले होते. सिस्टरांनी फरशीवरची चादर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजली, ट्रे पाहिला, पाने पाहिले.

"बरोबर आहे. बंद करा."

चारजण जेवून उठले तेव्हा गाडी अंगणात उभी होती. साहेबांनी किक मारली. काही नाही. दुसरी मारली. गाडीने घसा खाकरला. जावईबापूंनी खाली पडलेला दोर उचलून परत खांद्यावर टाकला. तिसऱ्या किकला काही झालं नाही, चौथीला किकच उलटी उसळून साहेबांच्या नडगीवर बसली. अक्का उठली, रुमाल परत आवळून बांधला आणि गाडीच्या मागे जाऊन दोन्ही हात टेकून उभी राहिली. "बस, बाळ्या. दुसऱ्या गिअरला टाक. सिस्टर, जावईबापू, या इकडे."

तिघांनी ढकलली. फाटकापर्यंत जाईतो काही नाही. फाटकाबाहेर दोन हात गेल्यावर गाडीला एकदम आठवलं. असा दणका झाला की समोरच्या झाडावरचे सगळे पक्षी उठले, पांढऱ्या धुराने गल्ली भरली आणि धुराच्या आतून साहेबांचा आवाज आला. ते तोंडाने काहीतरी ओरडत होते. भुर्रर्र होतं की काय, नक्की कळलं नाही.

अक्काची फेरी झाली. गाडीवरून ती उतरली तेव्हा केस विस्कटलेले, रुमाल गायब आणि तोंडभर हसू. टेम्पो धुरात रिकामा उभा होता.

"चालली," ती म्हणाली. "कबूल केलंय, गाडी इथेच राहील. कागद उद्याच बदलते." मग तिने भावाकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पण तुझ्या नावावर नाही करत, बाळ्या. तू एकाचे दोन करतोस. सिस्टरांच्या नावावर करते."

"अगं अक्का, पण ठरलं होतं की—"

"पुरावा दाखव," अक्का म्हणाली.

साहेबांनी आशेने बायकोकडे पाहिलं. सिस्टर इंजिनाकडे कान लावून उभ्या होत्या, पेशंटचा श्वास ऐकावा तशा. श्वास बरा होता.

"मला चालवायला देशील ना?" साहेबांनी हळूच विचारलं.

"बघू."

"बघू म्हणजे? रोज संध्याकाळी एक फेरी तरी—"

"स्वयंपाकघरात पाय टाकला नाहीत तर दोन," सिस्टर म्हणाल्या, आणि पदर खोचून मागच्या सीटवर जाऊन बसल्या. "चला आता. पेट्रोल जळतंय."